मखर तीन फुटांचं, मशीन सोळा इंचांचं

वाचकांचं पत्र:

"नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या वर्षी साठवलेल्या पैशांतून १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे नक्षी कापायची विजेवरची करवत, घेतली. वर्गासाठी गोव्याच्या बारा तालुक्यांचं लाकडी कोडं केलं. मुलं खूश आहेत, पण काही तालुके फक्त वरच्या बाजूने निघतात, खालून काढायला गेलं तर अडकतात. पाती सारखी मोडतात, लाकडाच्या कडा काळ्या पडतात. पडवीभर भुसा असतो म्हणून सासूबाई वैतागल्या आहेत. एवढं सगळं मी निभावून नेलं असतं. पण धाकट्या दिरांनी मूळ घरी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की यंदा थर्मोकोल नाही, तीन फूट उंचीचं जाळीदार लाकडी मखर वहिनी करणार! चवथीला दीड महिना राहिलाय. शिवाय नात्यातल्या चौघींना दारावर नावाच्या पाट्या हव्या आहेत, पैशांचं कुणी बोलत नाही, आणि मला नाही म्हणता येत नाही. मशीनच हलकं आहे का? मोठं घेऊ का? की हे मला जमणारच नाही? कोड्याचा आणि मशीनचा फोटो पाठवते आहे. – एक शिक्षिका"

बाई, नमस्कार.

प्रश्न बरेच आहेत, पण घाई एकाचीच आहे, म्हणून मखर आधी घेतो. तीन फूट उंचीची अखंड जाळीदार कमान तुमच्या मशीनवर होणार नाही. तुमचा हात कच्चा आहे म्हणून नव्हे. मला करायला सांगितली तरी होणार नाही. १६ इंची मशीन म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा १६ इंच. या मशीनवर पातं जागच्या जागी वरखाली होतं आणि लाकूड आपण फिरवतो. नक्षीच्या प्रत्येक वळणाला फळी फिरलीच पाहिजे, आणि फिरताना तिचं मागे गेलेलं टोक खांबाला अडलं की वळण तिथेच अर्धवट राहतं. यावर पीळदार पाती मिळतात. त्यांना चहूबाजूंनी दात असतात, त्यामुळे फळी न फिरवता हव्या त्या दिशेला कापता येतं. कुणीतरी ती तुम्हाला सुचवेलच. यंदा घेऊ नका. त्यांची कड खरखरीत येते आणि रेघेवर राहायला हात फार बसलेला लागतो.

तुकड्यांनी मात्र हे मखर उत्तम होईल. ११ इंचांचे चौकोन घ्या. अशा चौकोनाचा कर्ण साडेपंधरा इंचांच्या आसपास भरतो, म्हणजे पातं कुठल्याही कोपऱ्यात असलं तरी समोरचा कोपरा खांबाच्या अलीकडूनच फिरून जातो. तीन चौकोन एकावर एक उभे केले की ३३ इंच झाले, चौकटीची पट्टी धरली की तुमच्या दिरांचे तीन फूट भरले. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, आणि दोन्हींच्या मधे वरच्या अंगाला आडवे तीन. खाली मूर्तीला ३३ इंच रुंद आणि साधारण २२ इंच उंच जागा उरते. मूर्ती पाटासकट त्याहून उंच असेल तर ती आडवी पट्टी आणखी वर चढवा. चौकट मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घ्या. ते तुमचं काम नाही, आणि त्याला ते अर्ध्या दिवसाचंही नाही.

आता नऊ चौकोन म्हणजे नऊ वेळा कापणं, असं वाटेल. तसं नाही. ४ मिमी प्लायचे तीन तुकडे एकमेकांवर ठेवून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घट्ट बसवा. १२ मिमीची एक जाड फळी झाली. वर नक्षीचा कागद चिकटवा आणि एकदाच कापा, तीन जाळ्या तयार. असे तीन गठ्ठे कापले की नऊ. डावी बाजू उजवीचं आरशातलं रूप हवं असेल तर जाळी नुसती पालथी करायची. नक्षीत वीस भोकं असतील तर पातं वीस वेळा सोडून, भोकातून ओवून, पुन्हा ताणायला लागतं. सुट्या नऊ फळ्यांना हे १८० वेळा झालं असतं, गठ्ठ्यांत ६० वेळा होईल. वेळ कापण्यात जात नाही, या ओवण्यात जातो. म्हणूनच नक्षी निवडताना ती किती सुंदर आहे हे नंतर पाहा, आधी तिची भोकं मोजा.

नक्षीसाठी इंटरनेटवर हरणं आणि पाइनची झाडं भरपूर सापडतील. ती सोडा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी आहे ना, पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देऊन तो नक्षीबरहुकूम खरवडायचा, ती. कावी दोनच रंगांत बोलते, लाल आणि पांढरा. जाळीकामालाही दोनच गोष्टी कळतात, लाकूड आणि भोक. एखादं वर्तुळातलं कमळ कागदावर उतरवून घ्या. लाल ते लाकूड राहील, पांढरं ते कापून जाईल. एकच सावधगिरी बाळगा. भिंतीवर पांढऱ्याच्या मधोमध लाल ठिपका सुखाने बसतो, लाकडात तो खाली पडतो, कारण त्याला धरायला काही नाही. अशा प्रत्येक ठिपक्याला शेजारच्या पाकळीशी जोडणारी बारीक दांडी पेन्सिलीनेच काढून ठेवा. जाळ्यांना काव-लाल रंग, मागे पांढरं सुती कापड. मला विचाराल तर थर्मोकोलच्या कुठल्याही महालापेक्षा हे मूळ घराला जास्त शोभेल.

आणि मखर माटोळीच्या (मूर्तीवर टांगतात ती फळांची-पानांची आरास) खाली येणार हे विसरू नका. नारळांचा घोस, केळ्यांचा घड, सुपारीचं शिपटं किती खाली लोंबतात ते गेल्या वर्षीच्या फोटोंत बघून उंची ठरवा. माटोळीचा एकही दोर मखराच्या चौकटीला बांधू देऊ नका. ४ मिमीची जाळी शोभेची असते, भाराची नव्हे.

रंगाला पावसात वेळ लागतो. कापणं चवथीच्या किमान दहा-बारा दिवस आधी आटपा. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी हात द्या. एकच बाजू रंगवून ठेवली तर दुसरी दमट हवा पिते आणि फळी वाकते. फ्रेंच पॉलिशचा मोह टाळा. स्पिरिटमधली चपडी लाख ओल्या हवेत पांढुरकी पडते, आणि ओली असताना निरांजनाच्या आसपास ती नकोच. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग पुरेत.

हे झालं लाकडाचं. दिरांचं काय?

तुम्ही लिहिलंय, नाही म्हणता येत नाही. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण इथे नाही म्हणायचंच नाहीये, हो म्हणताना अट घालायची आहे, आणि ती त्यांनी घोषणा केली तशीच सगळ्यांसमोर घालायची आहे. पुढच्या वेळी मूळ घरी जमाल तेव्हा नऊ चौकोनांचं चित्र कागदावर घेऊन जा आणि सांगा, "भावोजी, मखर मी करते. जाळ्या मी कापणार. चौकट मेस्ताकडून करून आणायची ती तुम्ही, आणि पॉलिश पेपर मारून रंग द्यायचा तोही तुम्ही आणि मुलांनी. प्लायचा खर्च चवथीच्या वर्गणीतून." एवढंच. ज्यांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय असते त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला की एकतर ते मदतीला येतात किंवा पुढच्या वर्षी घोषणा करत नाहीत. दोन्हींत तुमचा फायदा. सासूबाई समोर असताना सांगा. का ते पुढे येतंच.

दीड महिन्यात न जमण्यासारखं यात काही नाही, फक्त मशीन आधी ताळ्यावर आणायला हवं. तुमचं बारा तालुक्यांचं कोडंच सांगतंय की बिघाड कुठे आहे.

नकाशाचं कोडं निवडलंत हे वाचून फार बरं वाटलं, कारण कोड्यांची सुरुवातच तिथून झाली. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला विकला. तर तुमचा एखादा तालुका, समजा फोंडा, वरून निघतो आणि खालून अडतो, याचा अर्थ तो खाली निमुळता, वर रुंद कापला गेलाय. पातं आणि टेबल यांच्यात काटकोन नाही. टेबलाखालचा अंशांचा आकडा शून्यावर असेल, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. काटकोन तपासायचा छोटा गुण्या टेबलावर ठेवून पात्याला लावून बघा. गुण्या नसेल तर दोन-अडीच इंच जाडीचा लाकडाचा टाकाऊ ठोकळा घ्या. त्याच्या कडेला पात्याने जरासा चरा पाडा. मशीन बंद करून ठोकळा टेबलावरच अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्या. चरा आणि पातं वरपासून खालपर्यंत एका रेषेत आले तर काटकोन आहे, एकमेकांना तिरके दिसले तर नाही. टेबलाचा स्क्रू सैल करून थोडं थोडं सरकवा आणि पुन्हा तपासा. गठ्ठा कापताना हे फारच महत्त्वाचं, कारण तिरक्या टेबलावर वरची जाळी आणि खालची जाळी सारख्या येणारच नाहीत. धारबांदोड्याची कड फोटोत फुगीर दिसतेय. तो टेबलाचा दोष नाही, पातं सैल असल्याचं लक्षण आहे.

म्हणजे पात्याकडे आलो. नवशिक्यांची निम्मी निराशा पात्यातून येते आणि ते मशीनला किंवा स्वतःला दोष देत बसतात. बाई, पातं खडूसारखं आहे. ते झिजणार, मोडणार, डझनाने आणायचं असतं, आणि एक मोडलं म्हणून धडा थांबत नाही. प्लायमधला डिंक बारीक दात फार लवकर बोथट करतो, सागवानातली सिलिकाही तेच करते. पातं बोथट झालं की आपण नकळत लाकूड जोराने रेटतो. रेटलं की पातं मागे वाकतं, घासून तापतं, कड जळते आणि शेवटी ते मोडतं. काळी कड आणि मोडलेलं पातं या तुमच्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. लाकूड पुढे सरकायला जोर लावावा लागतोय असं वाटलं की पातं धड दिसत असलं तरी बदलून टाका.

ताण किती द्यायचा? पातं बसवून बोटाने तार छेडतात तसं छेडा. स्वच्छ, चढा आवाज आला पाहिजे. 'थड्' असा मेलेला आवाज आला तर सैल आहे. बाजूने बोटाने दाबलं तर फार तर ३ मिमी हलावं. सैल पातं वळणावर पोटात फुगतं, तुमच्या धारबांदोड्याचं तेच झालं. दातांची टोकं खाली हवीत. हे सांगायला संकोच वाटतो, पण पातं उलटं बसवून 'लाकूड उड्या मारतं' असं कळवणारे दर वर्षी भेटतात.

पात्यांना नंबर असतात, नंबर वाढला की पातं मोठं होतं. तुमच्या १२ मिमीच्या गठ्ठ्याला ५ नंबर घ्या. ते जेमतेम १ मिमी रुंद असतं, त्यामुळे कमळाच्या पाकळीचं टोकही घेतं. एकच ४ मिमीची फळी असेल तर ३ नंबर बरं. शक्यतो शेवटचे काही दात उलटे असलेलं पातं मागा. साध्या पात्याने खालच्या बाजूला तुसं निघतात, ते उलटे दात वर येताना ती कापून टाकतात. तुमच्या गठ्ठ्यात सर्वांत खालच्या जाळीची पाठ त्याने वाचेल. आणि तुमच्या मशीनमध्ये पिनेची पाती (दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली) आहेत की बिनपिनेची, ते पाहा. पिनेचं पातं ओवायला ५ मिमीच्या आसपास भोक लागतं, आणि कावीच्या बारीक पाकळीत एवढं भोक बसणार कुठे? बिनपिनेचं पातं दीड-दोन मिमीच्या भोकातून जातं. बऱ्याच स्वस्त मशीनवर स्क्रूची पकड लावून दोन्ही चालतात. सोबत आलेल्या पिशवीत ती कदाचित न उघडता पडली असेल.

जळण्यावर आणखी एक उपाय आहे, विचित्र वाटेल पण लागू पडतो. नक्षीच्या कागदावर पॅकिंगची रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि तिच्यावरून कापा. पात्याला ती निसरडी राहते आणि जळणं खूप कमी होतं. वेग कमी ठेवा. वळणावर थांबून लाकूड गिरकावू नका, सरकता सरकता वळवा. आणि पातं सरळ रेघेतही थोडं एका बाजूला ओढत असेल तर घाबरू नका. ही पाती बनतानाच त्यांच्या एका अंगाला बारीक तूस राहतं, त्यामुळे ती किंचित एकीकडे ओढतात. फळी जरा तिरकी धरून कापायची सवय काही दिवसांत हाताला लागते. आतली भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी. कड आधी कापलीत तर जाळी धरायला काही उरत नाही.

आता सासूबाई. मी त्यांच्या बाजूचा आहे. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत मोडते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांचा, पण म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती खायला लावायची नाही. स्क्रोल सॉचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि मशीनवरची फुंकणी रेघ दिसावी म्हणून तो थेट खोलीत उडवते. मशीन पडवीतून मागीलदारी हलवा, पागोळ्यांपासून आत, पण उघड्यावर. तुम्ही एन-९५ मास्क लावा. रुमाल किंवा पदर या धुळीला अडवत नाही. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. डोळ्यांवर चष्मा हवा, पदर खोचलेला हवा, केस बांधलेले हवेत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेला तयार बोर्ड, घरात आणूच नका. त्याची धूळ आणखी बारीक असते आणि त्याच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. मशीन हलवल्याचं सासूबाईंना स्वतः जाऊन सांगा. मग मूळ घरी तुम्ही दिरांना अट घालाल तेव्हा पहिला होकार त्यांच्याकडून येईल, असा माझा अंदाज आहे.

पावसाळ्यात मशीनच्या लोखंडी टेबलावर गंज धरतो. काम झालं की कोरडं पुसून त्यावर साधी मेणबत्ती घासा. गंज थांबतो आणि फळीही छान सरकते. जवसाचं तेल कधी वापरलंत तर त्याची चिंधी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा आणि मग टाका.

राहिल्या चौघींच्या पाट्या. चवथीच्या आधी एकही नाही. हे चौघींना एकदम, एकाच शब्दात कळवा. त्यानंतर प्रत्येकीला एक पाटी भेट म्हणून, तुमच्या सवडीने, तुमच्या पसंतीच्या अक्षरांत. दुसरी पाटी विकत. मोबदला ठरवताना प्लाय, पाती, रंग यांचा खर्च मांडा आणि वेळेसाठी गावातल्या मेस्ताची दिवसाची मजुरी विचारून तेवढी धरा. स्वस्तात देऊन तुम्ही नात्यावर उपकार करत नाही, शेजारच्या गावात पोटासाठी पाट्या करणाऱ्याचा भाव पाडता. तुम्ही सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल तर विक्री सुरू करण्याआधी सेवानियम बघा, व्यापाराला परवानगी लागते. आणि कोडी विकायचा विचार मनात असेल तर जास्त जपून. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण ती नोंद आधी करावी लागते. वर्गात वापरायला काही अडचण नाही, फक्त तिसवाडी आणि मुरगावसारखे लहान तुकडे तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाती घरी जाऊ नयेत.

पाटी कापायला घ्याल तेव्हा एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. इंग्रजी अक्षरं कापणारे रडतात, कारण प्रत्येक अक्षर सुटं पडतं. आपल्याला शिरोरेघ आहे. 'गावकर' अख्खं एका दांडीला लटकून राहतं. त्यातला 'ग' दोन तुकड्यांचा असला तरी शिरोरेघ दोन्ही धरते. भोकं पाडायची फक्त 'व'च्या आणि 'क'च्या पोटात. 'सावंत' आलं की मात्र अनुस्वार उडून जातो. त्याला शिरोरेघेशी जोडणारी बारीक मान ठेवा, किंवा सगळं नाव मागच्या फळीवर चिकटवणार असाल तर ठिपका वेगळा कापून लावा. उकार लोंबतो तिथे तो हमखास मोडतो, जरा जाड ठेवा. वेलांटी शिरोरेघेवर टेकते तिथे आत एक कोंडलेली जागा तयार होते, ती विसरली की 'शि'चा आकार भरीव होऊन बसतो. आणि नावासाठी अखंड लाकूड नको, अगदी कुणी फणसाचा सुंदर पिवळा तुकडा आणून दिला तरी. शिरोरेघ आडवी, काना उभा. लाकडाचे धागे शिरोरेघेच्या दिशेने ठेवले तर काने तुटतात, कान्यांच्या दिशेने ठेवले तर शिरोरेघच मधे दुभंगते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून त्यात दोन्ही टिकतात. दाराबाहेर पाऊस लागणार असेल तर आयएस ७१० छापलेला मरीन प्लाय घ्या. घरातल्या मखराला आयएस ३०३ चा साधा चालेल. घेताना कडेने नीट बघा, थरांत पोकळ्या असल्या तर पातं तिथे अडकतं. तो फणसाचा तुकडा पेटीच्या झाकणाला ठेवा. फणस जुना होत जातो तसा गडद होतो, तिथे तो शोभेल.

मोठं मशीन घेऊ का, या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. निदान यंदा तरी. त्या पैशांत ५ नंबरची दोन-तीन डझन पाती, दीड-दोन मिमीची ड्रिलची टोकं, गुण्या आणि मास्क आणा, तरीही बरेच उरतील. फोटोत तुमचं मशीन जेवणाच्या हलक्या टेबलावर ठेवलेलं दिसतंय. ते जिथे थरथरतं तिथे रेघ थरथरणारच, आणि आवाजही दुप्पट होतो. ते जड बाकावर नटबोल्टने आवळून बसवा, खाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घाला. शाळेत मोडीत निघालेलं सागवानी बाक असेलच कुठेतरी. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज करून मागा.